बेडकाची आगाऊ बुडी

४ फेब्रुवारी, सकाळ
एक घोर अन्याय नोंदवून ठेवतो. गेम संपल्यावर येणाऱ्या आभारांच्या यादीत दंतवैद्य पहिला, आणि मी, म्हणजे शास्त्रीबुवा, दुसरा. गेमकर्त्रीला जाब विचारला. (सगळे 'गेमकर्ती' म्हणतात. मी दुरुस्त करतो. कोणी आभार मानत नाही.) म्हणाली, काका, वर्णानुक्रमाने लावलंय, 'द' आधी येतो, 'श' नंतर. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून ज्या वर्णमालेची सेवा केली, तिने हे पांग फेडले.

ही बाई नोकरी सांभाळून जुन्या कन्सोलसाठी नवे गेम लिहिते. बाकीची मंडळी ते कॉम्प्युटरमधल्या नकली कन्सोलवर खेळतात. त्यांना मी खिजगणतीत धरत नाही. खऱ्या जुन्या यंत्रावर, काचेच्या ढेरपोट्या टीव्हीला जोडून तपासणारे आम्ही दोघेच, मी आणि तो दंतवैद्य. दोघे म्हणजे एक जास्त.

संकल्प: पहिलं नाव माझं. हो-ना करत कबूल झाली की, सर्वात मोठा दोष जो शोधेल त्याचं नाव वर.

६ फेब्रुवारी
सापडला! गेममध्ये बेडूक पानावरून पानावर उड्या मारतो. बटण एकदा दाबलं की उडी. हवेत असताना पुन्हा दाबलं की पाण्यात बुडी. मी एकदाच दाबतो, तरी बेडूक उडी मारून लगेच बुडी मारतो. दहापैकी सहा वेळा. अहवाल पाठवला, साडेतीन पानी. शीर्षक: 'मंडूकाचे अकाल निमज्जन'. दंतवैद्याच्या अहवालात क्रियापदसुद्धा नसतं.

९ फेब्रुवारी
दंतवैद्याने त्याच मॉडेलच्या कन्सोलवर चाळीस उड्या मारल्या म्हणे. एकही आगाऊ बुडी नाही. 'माझ्याकडे नीट चालतंय' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. सोबत स्वतःच्या टीव्हीचा फोटो. टीव्हीला सरकती लाकडी दारं आहेत. दारं! तपासणीशी दारांचा संबंध काय? माझ्या टीव्हीला साधं झाकणही नाही. त्यावर आमच्या हिची, म्हणजे बायकोची, जुनी ओढणी असते.

१२ फेब्रुवारी
छापखान्यात अक्षरजुळणीचा ऑपरेटर मी तपासलेलं प्रूफ घेऊन आला. सर, ही वेलांटी आहे की भूकंप, म्हणाला. सगळे हसले. पेन भिकार आहे. नवं आणायचं.

१५ फेब्रुवारी
आनंद गगनात मावत नाही. नव्या आवृत्तीच्या मेनूमध्ये एक पर्याय आलाय: 'शास्त्री मोड'. शेवटच्या यादीत नव्हे, दारातच नाव! हिला दाखवलं, छापखान्यात सांगितलं. दंतवैद्याच्या नावाचा मोड नाही. दोनदा पाहिलं.

१६ फेब्रुवारी
शास्त्री मोड म्हणजे काय ते आज नीट वाचलं. 'सावकाश खेळणाऱ्यांसाठी.' उडीनंतर क्षणभर दुसरं दाबणं बेडूक मनावर घेत नाही. दंतवैद्याने लिहिलं, छान कल्पना, आता माझी आईपण खेळेल. आई ब्याऐंशीची.

१७ फेब्रुवारी
त्याच्या आईने शास्त्री मोडमध्ये तीन टप्पे पार केले. मी दुसऱ्यावर बुडालो.

२० फेब्रुवारी
गेमकर्त्रीने तपासणीसाठी वेगळी आवृत्ती पाठवली. त्यात बेडूकच नाही. बटण दाबलं की पडद्यावर एक ठिपका. मी एकदा दाबलं, तीन ठिपके. बटणांचं पॅड बदललं. तीन. वायर बदलली. तीन. शेजाऱ्यांचा टीव्ही उचलून आणला. चार.
ही हात पुसत बाहेर आली, बटण दाबलं. एक. अहो, एकच तर येतोय, म्हणाली. मी म्हटलं, तू चुकीचं दाबतेस.

नव्या पेनानेही वेलांटी तशीच येते. हल्ली शाईच बेकार.

२३ फेब्रुवारी, दुपार
दंतवैद्य स्वतःचं पॅड घेऊन घरी आला. उंच आहे. आल्या आल्या वहिनी म्हणाला. हिला अक्कलदाढेचा एक किस्सा सांगितला. ही खळखळून हसली. मी सांगितलेल्या व्याकरणातल्या संधीच्या विनोदाला गेली चोवीस वर्षं 'हं' म्हणते.
त्याने दाबलं, एक ठिपका. मग त्याचंच पॅड माझ्या हातात दिलं. चार. तो पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. शिष्टाचार म्हणून काही असतो.
जाताना बूट घालता घालता हळू आवाजात म्हणाला, शास्त्रीबुवा, एकदा दाखवून घ्या.
एवढं मलाही कळतं. उद्याच कन्सोल दुरुस्तीवाल्याकडे नेतो.

२४ फेब्रुवारी
दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडलं, फुंकर मारली, कॅसेट बसते ती आतली खाच ब्रशने घासली. स्वतः बटण दाबून पाहिलं. म्हणाला, साहेब, याला काही झालेलं नाही, हे आपल्या दोघांच्या मागे राहील. हाही दंतवैद्याचाच पेशंट असणार.

२७ फेब्रुवारी
गेमकर्त्रीचा निरोप आला. 'काका, त्या दोषाची नोंद बंद करतेय. तुमचं नाव मात्र वर घेतलंय. दंतवैद्यांनीच सुचवलं.'
म्हणजे जिंकलो. त्याने दिलं म्हणून. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी
दाखवून घ्या म्हणजे हात. मला ते त्याच दिवशी दारात कळलं होतं.
उजवा अंगठा थरथरतो. डिसेंबरपासून. बटणावर, पेनावर, काही धरलेलं नसतानाही. डॉक्टरकडे गेलो तर या थरथरीला नाव मिळेल, म्हणून जात नाही. प्रुफं तपासण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही, आणि ते हातानेच करावं लागतं. हिला अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.