पान एकतीसवरची होडी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तीनशे स्टिकर आले. गुलाबी, वर झुलत्या खुर्चीतली म्हातारी, खाली ‘आजींसाठी’. नव्या ग्रंथपाल ट्वीटनबाईंचा हुकूम — बेकरी, कुत्रा, उशिरा जमलेलं लग्न, गोड शेवट असेल त्या प्रत्येक कादंबरीच्या पाठीवर एक! "वाचकाला बघताक्षणी कळलं पाहिजे, मार्लिस." दीडशे लावले. बोटं अजून चिकट आहेत.

व्हर्ना कोल्स्टाड आली होती. वय त्र्याऐंशी, वॉकर ढकलत येते, दर मंगळवारी यातलीच आठ नेते. गाव थट्टा करतं, ती हसते. स्टिकर बघून म्हणाली, "अगं, ही तर माझ्यापेक्षा तरुण दिसते!" काय बाई आहे! वाचलेलं पुन्हा नेऊ नये म्हणून पान एकतीसवर पेन्सिलीनं इवलीशी होडी काढते. इथले जुने वाचक काही ना काही खूण करतातच. खोडायचा नियम आहे. मी खोडत नाही.

१८ नोव्हेंबर

व्हर्ना पडली. खुबा मोडला. डुलुथच्या मोठ्या इस्पितळात नेलंय. रात्री माझ्या एकटीच्या घरात मला जेवण जाईना.

२५ नोव्हेंबर

ड्वेन आला होता. व्हर्नाचा शेजारी, बर्फ काढणाऱ्या ट्रकवर असतो. दर मंगळवारी तिला तोच आणायचा आणि तिचं होईपर्यंत मासेमारीचं मासिक उघडून बसायचा. आज एकटाच. गुलाबी कपाटापुढून तीन फेऱ्या मारल्या. मी आपली मदतीला धावले — "ड्वेन, ते आजीबाईंचं! मासेमारी पलीकडे."

कानापर्यंत लाल झाला. "हो, हो. तेच बघत होतो." रिकाम्या हातानं गेला.

३० नोव्हेंबर

व्हर्नाला भेटून आले. आठ पुस्तकं नेली होती, प्रत्येकाचं पान एकतीस तपासून. तिनं पुस्तकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मार्लिस, असलं एकही मी आयुष्यात वाचलेलं नाही. मला खून लागतात. निदान तीन."

"मग होड्या?"

"ड्वेनच्या. तोच काढतो. सहा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून त्याला शेवट गोड लागतो. ट्रकवरचे लोक टिंगल करतील म्हणून माझ्या कार्डावर नेते. मला काय, मी म्हातारी आहेच! पण आता त्या स्टिकरला तो हात कसा लावेल? काल फोनवर म्हणाला, जाऊ दे व्हर्ना, वाचनच बंद."

सहा वर्षं! सहा वर्षं गावाची थट्टा हसून घेतली या बाईनं, दुसऱ्यासाठी. आणि मी? त्याला मासे दाखवले. स्वतःची भयंकर लाज वाटते आहे.

१ डिसेंबर

हेअर ड्रायर घेऊन गेले. गरम हवा दिली की स्टिकर अख्खा निघतो. ट्वीटनबाई येऊन उभ्या. "हे काय चाललंय?"

"या स्टिकरनं आपला एक वाचक घालवला."

"कोण?"

"वाचकाचं नाव सांगायचं नाही. नियम तुमचाच."

त्यांनी सोललेल्या स्टिकरांचा ढीग बघितला. मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि नखानं सोलायला लागल्या. शहाण्या आहेत, म्हणायला हवं!

९ डिसेंबर

ड्वेननं स्वतःचं कार्ड काढलं! तीन पुस्तकं — बेकरी, कुत्रा, लग्न. मी आपले तारखेचे शिक्के मारले. दारापर्यंत गेला, परत आला. "व्हर्ना कधी कधी चुकून जुनंच पुस्तक आणायची. होडी तशीच असायची. तू एकही खोडली नाहीस." मग टोपी हातात फिरवत — "शनिवारी कॉफीला येतेस?"

१० डिसेंबर

व्हर्नाचा फोन. "येते म्हणालीस ना? बरं झालं! अगं, त्याच्या गाडीला चांगला हीटर आहे. तरी सहा वर्षं दर मंगळवारी तो आत येऊन कशाला बसायचा, वाटलं तुला?"