नानांचं खरेदीखत

ताई,

दुपारी दोनला रिगवर जायची बोट आहे, म्हणून तू ड्यूटीवरून यायच्या आत निघतोय. आता चौदा दिवसांनीच येईन. खरं सांगू का, तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

कुकरमध्ये वरण आहे. सिलिंडर संपत आलाय, खालच्या बकालातल्या किराणावाल्याला सांगितलंय.

मागच्या महिन्यात दम्मामला भारतीय दूतावासाच्या कॅम्पात पासपोर्टचा म्हणून ज्या कागदावर तुझी सही घेतली, तो पासपोर्टचा नव्हता. हक्कसोडपत्र होतं. गावच्या घरातला तुझा वाटा मला सोडलास, असं त्यात लिहिलंय. तू डबल ड्यूटी करून आली होतीस. वाचलंही नाहीस, "कुठे करू रे?" एवढंच विचारलंस.

कागद गावी पाठवण्याआधी तिकडच्या वकिलांनी गुहागरच्या रजिस्ट्रार कचेरीत जुने दस्त शोधले. काल नानांनी केलेलं खरेदीखत फोनवर आलं. जागा नानांच्या नावावर नाहीच. घेणार म्हणून तुझं नाव आहे, वय वर्षं चार, आणि वडील म्हणून नाना फक्त पालनकर्ते. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

हा दस्त निघाला नसता, तर मी तुझा कागद पाठवला असता. तेही तुला माहीत असू दे.

खरेदीखताची प्रिंट फ्रिजवर लावलीय. त्याच्याखाली हक्कसोडपत्र आहे. सकाळपासून दोनदा फाडायला घेतलं. पण मग मी काय करायला निघालो होतो, ते तुला कधीच कळलं नसतं. तूच फाड.

ज्ञानेश