कुंदाची पकड

पेण, श्रावणातला रविवार, १९९४

रोह्याहून हरून परतलो. पाठ दुखते आहे, पण खुपते आहे ते कुंदाचे बोलणे.

जी सराव चुकवेल तिला मैदान बंद, हा मुलींच्या कबड्डी संघाचा नियम मीच केला. सराव हे कारण, प्रगती हे कार्य. वकिली केलेल्या माणसाला एवढे पुरेसे वाटले. सुमन आमची सर्वांत चपळ चढाईपटू. गणपतीच्या कारखान्यातल्या रंगकामामुळे तिच्या काही संध्याकाळी चुकल्या. मग ती नखांवरच्या सोनेरी रंगासकट धावत आली, तेव्हा मी तिला परत पाठवली. कुंदाने मात्र एकही दिवस चुकवला नाही. आणि आज तिच्या हातून एकही पकड झाली नाही.

एस.टी.त एकीने टोमणा मारलाच, "रोज येऊन काय शिकलीस गो?"

"तुमच्यासारख्या मंद पोरींना धरायला," कुंदा म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आबा, सरावात सुमनला रोज धरलं असतं तर ही रोह्याची चढाईवाली पोर सुटली नसती. तिला का नाय येऊ दिलंत?"

सराव किती, हे मी मोजले. सराव कोणासमोर, हे विचारलेच नाही. एकही पकड नाही... दोष कुंदाचा कसा म्हणावा?

पुढच्या सामन्यापर्यंत कारखाना उघडण्यापूर्वी, सकाळीच सराव ठेवता येईल. पण सुमन येईल? उद्या तिच्या घरी मलाच गेले पाहिजे. कुंदाला बरोबर नेईन. माझ्यापेक्षा तिचा युक्तिवाद पक्का आहे.