पंगतीतली शेवटची शाळा

४ फेब्रुवारी १९९०, रविवार
आजपासून साखर बंद. चहातलीसुद्धा. कायमची.

रंगनाथने पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला, वायरच्या भेंडोळ्यांसकट. दिसायला नुसता कीबोर्ड. टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा. कॅसेट लावली की टेप बराच वेळ मांजरासारखी ओरडते, मग पडद्यावर अक्षरं येतात. तुझी करमणूक होईल, म्हणतो. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला पोटचा मुलगा करमणूक पाठवतो!

दुपारी
कल्पना सुचली. पूर्णा गावातल्या तीन शाळांना टीव्ही मिळालेत, पण कार्यक्रम इथवर पोचतच नाहीत. नुसत्या मुंग्या. पोरं मुंग्या बघतात. तर माझ्या घरून तिन्ही शाळांना वायर टाकायची. कॉम्प्युटर एक, धडा तिन्हीकडे. रंगनाथच्या ऑफिसात असंच एक यंत्र बाकीच्यांना पुरवठा करतं, त्याला सर्व्हर म्हणतात. ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, म्हणजे वाढपी. रेल्वेतली गार्डाची नोकरी संपली, तरी ह्यांची लाल झेंडी अजून ड्यूटीवर आहे.

सिकंदराबादच्या माझ्या कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना एकटीने अख्ख्या डायनिंग हॉलला सूप वाढायची. पहिल्या मुलीपासून शेवटच्या मुलीपर्यंत. तिची आठवण आली की डोळे भरतात. चहात अर्धाच चमचा घातला. भरल्या डोळ्यांनी फिका चहा उतरत नाही.

८ फेब्रुवारी
रंगनाथचा ट्रंक कॉल. डॉक्टरने त्याला माझी शुगर कळवली म्हणे. डॉक्टर की हेर! आता तुम्ही दोघं पुण्याला या, घराला कुलूप लावा, म्हणाला. तिथे माझ्या डोळ्यांसमोर राहशील. मी सांगितलं, मला इथे काम आहे. कसलं? शाळांचं. तो हसला. मग म्हणाला, एप्रिलमध्ये येतो. शाळेच्या टीव्हीवर मुलांना तुझा धडा मिळालेला मला दिसला, तर पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. नाही दिसला तर सामान बांधायचं.

डील, म्हटलं.

ह्या घरात मी मीटरगेजच्या गाडीने, ट्रंकेवर बसून, नवी नवरी म्हणून आले. रात्रीच्या शंटिंगच्या, डबे आपटण्याच्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही. पुण्यात शंटिंग कोण करणार?

१३ फेब्रुवारी
शेजारच्या बसम्माच्या मुलीचं लग्न. तिचे यजमान रेवणसिद्ध, किराणा दुकानवाले, त्यांनी परभणीहून व्हिडिओवाला आणला होता. जेवणात फक्त वरणभात घेतला. वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा ताटावर हात आडवा धरला. एक पडली. अन्न टाकू नये.

व्हिडिओवाला लाइट घेऊन बराच वेळ माझ्यासमोर उभा होता. चेहऱ्यावर शांत भाव असले की कॅमेऱ्याला आवडतात.

१९ फेब्रुवारी
पहिला धडा तयार. THIS IS A COW. यंत्राला मराठी येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. फुल्याफुल्यांची गायही काढली. आमच्या घरी काम करणाऱ्या चांगुणाबाईला दाखवली. म्हणाली, बाज लय भारी झालीय, पण बाई, बाजंला शेपूट कशाला?

लाइट गेली. यंत्र सगळं विसरलं. लाइट गेली की ते जन्मापासूनचं सगळं विसरतं, मग कॅसेट पहिल्यापासून लावायची. माझ्या विद्यार्थ्यांत असे पुष्कळ होते. धीर सोडायचा नाही.

२४ फेब्रुवारी
स्टेशनापलीकडच्या शाळेला वायर नेता येणार नाही. मधे रूळ आहेत. हे म्हणाले, रुळांवरून एक इंच तार टाकलीस तर मी स्वतः रेल्वेला कळवीन. म्हणून तूर्त दोन शाळा. तूर्त.

सुरुवात गल्लीच्या टोकाच्या मुलींच्या शाळेपासून. मुख्याध्यापक सूर्यभान गुरुजी भले माणूस. टीव्हीवर टाकलेलं कापड त्यांनी स्वतः काढलं. त्याला झालर आहे. म्हणाले, बाई, काही दिसलं तर चांगलंच, न्हाई दिसलं तरी कापड धुऊन निघंल.

१ मार्च
वायर माळवदांवरून, घरांच्या सपाट छतांवरून न्यावी लागते. पहिलंच माळवद बसम्माचं. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, आमच्या डोक्यावरून तार जायलीय, अन् आमच्या टीव्हीत काई येणार न्हाई? मी समजावलं, हे शाळेसाठी आहे. तर म्हणाली, पंगतीत बसलेल्याचं ताट सोडून वाढपी फुडं जातोय का कुठं? मग आमी काय उठून जावं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघ, मी वाढपी म्हणालोच होतो.

बसम्माला कनेक्शन दिलं. एकच. अपवाद म्हणून.

६ मार्च
गल्लीतल्या सगळ्या माळवदांना कनेक्शन. लोकसहभाग माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे. टोकाच्या घरी टीव्ही नाही, तरी त्यांनी वायरचं टोक खिडकीतून आत घेऊन ठेवलंय. आपलं ताट मांडून ठेवलेलं बरं, म्हणाले.

शाळेत अजून मुंग्या. पण आता त्या हलतात. ही प्रगती आहे.

११ मार्च, होळी
पुरणपोळीत गूळ असतो. गूळ म्हणजे साखर नव्हे.

१५ मार्च
गल्लीत नाराजी. रोज संध्याकाळी गाय बघून लोक कंटाळले. रेवणसिद्ध म्हणाले, बाई, गाय आमच्या दारात हाय, तुमी दुसरं काई दाखवा. त्यांनी मुलीच्या लग्नाच्या तीन कॅसेट आणि भाड्याचा व्हीसीआर आणून माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला. बटण इकडे केलं की कॉम्प्युटर, तिकडे केलं की व्हीसीआर. संध्याकाळी एक तास लग्न, त्या बदल्यात वायर कुणी तोडणार नाही, असा करार झाला. हा माझा मुत्सद्दीपणा.

१८ मार्च
हळदीची कॅसेट. गल्ली खूश. चुकून दुसऱ्यांदा लावली, तरी खूश. प्रत्येकजण आपण कुठे दिसतो ते शोधतो. उद्या लग्न लागण्याची. तिसरी पंगतीची आहे म्हणे. माणसं जेवताना कोण बघणार? ती फडताळात वर टाकली.

शाळेत मुंग्या.

२२ मार्च
दुसरी शाळाही तूर्त बाजूला. सगळी शक्ती एका शाळेवर. सिस्टर फिलोमिना म्हणायची, वन थिंग ॲट अ टाइम, गर्ल्स.

आज उगाच आठवलं. डायनिंग हॉलमध्ये शेवटची मुलगी मीच असायचे. माझ्या वाडग्यात येईपर्यंत सूप म्हणजे कोमट पाणी आणि एक वाटाणा. तो वाटाणा सिस्टर मुद्दाम शोधून घालायची. किती माया!

मग लक्षात आलं. शाळाही शेवटचीच आहे. मधली सगळी घरं जेवतात आणि तिच्यापर्यंत पाणी पोचतं.

२७ मार्च, पाडवा
बसम्माने गुढीवरची साखरेची गाठी दिली. गाठी म्हणजे प्रसाद. प्रसादाला कुणी साखर म्हणत नाही.

तिला वायरची अडचण सांगितली. उद्घाटनाच्या दिवशी एका तासापुरती सगळ्यांनी कनेक्शन काढली, तरच शाळेपर्यंत धडा पोचेल. नाही पोचला तर रंगनाथ आम्हाला पुण्याला नेईल. हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. बसम्माने पदराने गाठीवरची मुंगी झटकली आणि घरी गेली. पदर डोळ्यालाही लावला असेल, दिसलं नाही.

२ एप्रिल
बसम्माने घरोघर जाऊन सांगितलं म्हणे: त्या दिवशी समद्यांनी हात धुऊन उठायचं. लेकरं उपाशी हायत. सगळे तयार. टोकाचं घर सर्वांत आधी. त्यांच्याकडे टीव्हीच नाही, पण त्याग त्यागच असतो.

६ एप्रिल
रंगीत तालीम. घरातून शाळा दिसत नाही, शाळेतून घर दिसत नाही. म्हणून हे दोन्हीकडून दिसणाऱ्या मधल्या माळवदावर उभे राहणार, कपाटातल्या दोन्ही झेंड्या घेऊन. हिरवी म्हणजे चांगुणाबाईने बटण इकडे करायचं, धडा सोडायचा. लाल म्हणजे थांब. हे नको म्हणतील असं वाटलं होतं. संध्याकाळी पाहिलं तर पांढरा ड्रेस इस्त्री करत होते.

चांगुणाबाईला तीनदा समजावलं. ती म्हणाली, झेंडी हिरवी दिसली की सोडायचं, येवढं न्हाई का कळत मला? माझा मालक रेल्वेच्या फाटकावर हाय.

सगळं चोख आहे. काही चुकूच शकत नाही.

८ एप्रिल
रंगनाथ आला. आल्या आल्या साखरेचा डबा उघडून बघितला. डबा रिकामा होता. (गाठी उशीखाली आहे.) आई, सुधारलीस की, म्हणाला. मी शांत भाव ठेवला. येताना दोन रिकाम्या बॅगा आणल्यात त्याने. दाराशीच ठेवल्यात.

९ एप्रिल, सोमवार, सकाळी
आज. बसम्मा पहाटेच कनेक्शन काढून गेली. चहा फिका घेतला. मनात नव्हतं, पण रंगनाथ समोर बसला होता.

९ एप्रिल, संध्याकाळी
जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे त्यातलं यश स्पष्ट होईल.

वर्गात मुली, सूर्यभान गुरुजी, रंगनाथ, आणि कनेक्शन काढून मोकळी झालेली सगळी गल्ली. गुरुजींनी झालरीचं कापड काढलं. ह्यांनी माळवदावरून हिरवी झेंडी दाखवली. आणि मुंग्या गेल्या! पडदा स्वच्छ, काळा, शांत. त्यावर THIS IS A. मी रंगनाथचा हात धरला.

COW यायच्या आत लाइट गेली.

ह्यांनी लाल झेंडी केली. लाइट आली. पडदा पुन्हा स्वच्छ, पण रिकामा. यंत्र सगळं विसरलं होतं. मी दारातून ओरडले, कॅसेट लाव म्हणावं! ह्यांना माझं ओरडणं पुरेसं ऐकू येत नाही, निदान तसं ते म्हणतात. ह्यांनी हिरवी दाखवली. मग आणखी जोरात हिरवी.

चांगुणाबाईने नंतर सांगितलं ते असं: कंपुटर गप बसला होता. तुमचे मालक तर हिरवी हलवायलेत. लेकरं बसलेली. मग मी बटण तिकडं केलं अन् कॅसेट लावली. दोन तर समद्यांनी बघितलेल्या. म्हणून वरची, नवी काढली.

शाळेच्या पडद्यावर पंगत आली. गुरुजी म्हणाले, काय साफ दिसतंय! खरंच साफ होतं. मग व्हिडिओवाल्याचा लाइट एका बाईवर थांबला.

वाढपी जिलबी घेऊन आला. बाईने ताटावर हात आडवा धरला. पण बोटं फाकलेली होती. वाढप्याने बोटांच्या मधून जिलबी सोडली. बाईने ती खाल्ली आणि हात पुन्हा आडवा धरला. बोटं पुन्हा फाकलेली. पुन्हा जिलबी. बाईचा चेहरा शांत.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, टू! मग सगळा वर्ग. थ्री! फोर! फाइव्ह! खणखणीत इंग्रजीत. गुरुजी दारामागे गेले. बसम्मा पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. सिक्सला वाढप्याचं ताट संपलं, तो परत भरायला गेला, आणि मुली ओरडल्या, अजून हाय, अजून हाय!

मी रंगनाथकडे बघितलं नाही. म्हटलं, हा इंग्रजीचा पहिला धडा. नंबर्स. वन ते टेन.

तेवढ्यात पडद्यावर दुसरा वाढपी आला आणि टेनपर्यंत गेलं.

१० एप्रिल
रंगनाथने उशीखालची गाठीही काढली. बॅगा आतल्या खोलीत आल्या.

दुपारी बसम्मा आली, मागे गल्ली. रंगनाथला म्हणाली, बाळा, तू बोलला होता ना, शाळेत धडा दिसला की न्यायचं न्हाई? मग पोरी काय शिकल्या न्हाईत? रंगनाथ म्हणाला, काकू, धड्याचं सोडा, हिची शुगर? बसम्मा म्हणाली, ती आमच्याकडं लागली. आता समद्या गल्लीला ठावं झालंय बाई कशी नको म्हणतेत ते.

रंगनाथ खिडकीशी गेला. माळवदांवर प्रत्येक घराची एक एक वायर. शेवटी ह्यांना म्हणाला, बाबा, पुण्यात हिच्यावर एवढे डोळे मी कुठून आणू?

११ एप्रिल
रंगनाथ रिकाम्या बॅगा घेऊन गेला. कॉम्प्युटर ठेवून गेला. ह्यांनी प्लॅटफॉर्मवर त्याला हिरवी झेंडी दाखवली. घरून खिशात घालून नेली होती.

मी जिंकले. पुढच्या महिन्यात दुसरी शाळा.

१६ एप्रिल
सूर्यभान गुरुजी आले. वाटलं, पुढचा धडा मागायला. मुली विचारतात, म्हणाले, दुसरा वाढपी गेल्यावर बाईंनी काय केलं? कॅसेटचा राहिलेला भाग शाळेत दाखवता येईल का? नंबर्स टेनच्या पुढे न्यायचे होते म्हणे.

THIS IS A COW बद्दल कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी बसम्माकडे चहा. फिका. आमचा साखरेचा डबा आता तिच्या फडताळात कुलपात असतो, किल्ली रेवणसिद्धांच्या गळ्यात, इष्टलिंगाशेजारी. तिथे हात घालायची कुणाची छाती आहे?

परत येताना शाळेच्या मुली भेटल्या. पूर्वी गुड ईव्हनिंग टीचर म्हणायच्या. आज एकीने हात आडवा धरला, बोटं फाकून. मग सगळ्यांनी.

मीही हात धरला. बोटं मिटून.

एकीने खाली वाकून बघितलं, खरंच मिटलीत का.