बंदर माझं, क्रेन मेहुण्यांची

१ सप्टेंबर. सकाळी ७.
निवृत्त होऊन महिना झाला. आजपासून रोजनिशी. मागच्या खोलीतल्या माझ्या छोट्या रेल्वेला बंदर जोडायचं ठरवलं. नुसतं दिखाऊ नाही, चालू बंदर. मालगाडी धक्क्यावर येणार, क्रेन डबा उचलून जहाजात ठेवणार. १२ ऑक्टोबरला हौशी लोकांचं प्रदर्शन आहे. पहिलं बक्षीस आपलंच. मदतीला हिच्या भावाला घेतलंय. मेहुणे घड्याळं दुरुस्त करतात, हात बरा आहे. दूरदृष्टी नाही. ती माझ्याकडे आहे.

६ सप्टेंबर.
मेहुण्यांनी रूळ टाकले, वायरिंग केलं, धक्का बांधला. मी खुर्चीवरून सूचना दिल्या. घसा बसला. सगळा ताण एकट्यावर येतो.

१४ सप्टेंबर.
क्रेन चालली! काडेपेटीएवढा डबा अलगद जहाजात. हिनं टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांकडे बघून. मी म्हणालो, जरा हळू आहे. कौतुकानं माणसं बिघडतात.

२१ सप्टेंबर.
बंदराला खरं पाणी हवं. मेहुण्यांचं म्हणणं, "भाऊजी, रुळांत करंट आहे. निळी काच टाकू, पाण्यासारखीच दिसेल." मी म्हणालो, खोट्या पाण्यात खरं बंदर कसं चालेल? निरुत्तर झाले. तोंडात स्क्रू धरला होता, ते वेगळं.

२८ सप्टेंबर. दुपारी ३.
मेहुणे आज बऱ्याच दिवसांनी दुकानात. स्वतः पाणी भरलं. चार बादल्या. जहाजं तरंगली!

३.४०. कोपऱ्यातून किंचित झिरपतंय. लाकूड फुगेल, फट आपोआप बुजेल.

४.१०. लाकूड फुगलं. रूळही वर आले. मालगाडी बंदरात. ठिणगी उडाली, घरातले दिवे गेले.

४.३०. खालचे दंतवैद्य वर आले. छत गळतंय म्हणे, आणि पेशंटचं तोंड उघडंच होतं. लोकांना कलेची कदर नाही.

२९ सप्टेंबर.
मेहुण्यांनी क्रेन उचलून तिरकी केली. आतून पाणी आलं. फडक्यानं ती पुसली. मग म्हणाले, "तीन आठवडे दुकान बंद करून रोज इथं बसलो, भाऊजी. एकदा विचारायचं तरी." मी म्हणालो, मोठ्या कामात असं व्हायचंच. त्यांनी क्रेन पिशवीत घातली आणि चहा न घेता निघाले. ही त्यांच्या मागोमाग जिना उतरली. ऐन वेळी दगा! तोही घरच्यांकडून.

५ ऑक्टोबर.
ही रोज संध्याकाळी भावाकडे. परत येते तेव्हा बोटांना निळा रंग. विचारलं, तर म्हणे, "दार रंगवतोय." त्यांचं दार तपकिरी आहे. मला फसवणं इतकं सोपं नाही. निळं करत असणार.

१० ऑक्टोबर.
एकट्यानं नवी क्रेन बनवली. डबा उचलत नाही, धक्का मात्र उचकटते. यंदा प्रदर्शनात भाग न घेण्याचा निर्णय. बाकीच्यांनाही संधी मिळायला हवी.

१२ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.
इतरांच्या चुका टिपायला म्हणून प्रदर्शनात गेलो. हॉलच्या टोकाला गर्दी. टेबलामागे मेहुणे, शेजारी ही. टेबलावर बंदर. निळी काच. तीच क्रेन. गाडी येते, डबा उचलला जातो, जहाजात बसतो. पाठीमागून वार करायचा, आणि तोही इतका सफाईदार! वही काढून उभा राहिलो. दहा मिनिटं. एक चूक सापडली नाही. वही खिशात ठेवली.

मग धक्क्याच्या टोकाला बोटाएवढा माणूस दिसला. टक्कल, पोट पुढे, हात पाठीमागे बांधलेले. रंगकाम हिचंच, ओळखतो मी. एका मुलीनं विचारलं, हे कोण? ही म्हणाली, "बंदराचे साहेब." मुलीनं विचारलं, ते काय करतात? ही मान वर न करता म्हणाली, "काही नाही. त्यांना जागेवर चिकटवलंय, म्हणून तर बंदर चालतंय."

लोक हसले. मेहुणे हसले नाहीत. त्यांनी मला पाहिलं होतं. उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. म्हणाले, "बसा, भाऊजी."

तेव्हा लक्षात आलं, मीही हात पाठीमागे बांधूनच उभा होतो. सोडले. मग ते कुठं ठेवावेत, कळेना.