उभी का आडवी

४ नोव्हेंबर
सोमामामाचा फोन! म्हणाला, "माऊली, किती दिवस त्या जैसलमेरच्या वाळूत पोकलेन चालवणार? ये गावाला. माझ्या दुकानात गल्ल्यावर बस." देशी दारूचं का असेना, दुकान परवान्याचं हाय. आन् घरापासून हाकेच्या अंतरावर! सातवीत शाळा सोडली तवापासून किती गावं फिरलो. कुठंच बूड टिकलं न्हाई. आता टिकणार!

९ नोव्हेंबर
घोटाळा. गावातल्या बायका टेम्पो करून भोरला गेल्या. दारूचं दुकान बंद करा म्हणून अर्ज दिला. पुढं बचत गटाची पारूबाई — आन् तिच्या खांद्याला खांदा लावून आमची आई! मामाची सख्खी बहीण!
फोन लावला. "आई, भावाच्या पोटावर पाय देतीस?"
"राखी त्याला बांधते, त्याच्या बाटलीला न्हाई."
मग म्हणाली, पोरी एसटीला थांबतात तिथंच हे पिऊन लोळतात. परवा एका पोरीची ओढणी ओढली. पटलं. तरी म्हणालोच — आन् माझ्या कामाचं?
"बघू."

१५ नोव्हेंबर
मतदान होणार. फक्त बायकांचं! कागदावर दोन बाटल्या. दुकान बंद पाहिजे तर आडव्या बाटलीवर शिक्का, चालू पाहिजे तर उभ्या. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी मारली तरच बंद. म्हंजे जी घरी बसली ती उभीतच जमा!
बिहारी मुकादमाला सांगितलं. त्याला खोटंच वाटलं. दारूचा निकाल बायका देणार? म्हणलं, व्हय! आमच्याकडं देतात! उगाच छाती फुगली. नुकसान माझंच व्हणार, तरी.

१८ नोव्हेंबर
मामा आईकडं साडी घेऊन गेलेला. आईनं साडी ठेवून घेतली, चहा पाजला. शिक्का कुठं मारणार विचारलं तर म्हणाली, "पडद्याआडचं भावालाबी सांगत न्हाईत."
मलाबी सांगेना! "तू कोण, कलेक्टर?"

२२ नोव्हेंबर
ताप.

२३ नोव्हेंबर
ताप उतरला. काल आईशी बोलताना रडलो. लाज वाटते. "मला हितं न्हाई करमत, घरी यायचंय," एवढंच म्हणालो. दुकानाचं नावबी काढलं न्हाई. तिनं विचारलं, काय खाल्लंस? मग नुसतं हं, हं.

३० नोव्हेंबर
आज मतदान. दिवसभर कामात चित्त लागेना. आडवी झाली तर मी हितंच. उभी झाली तर आई हरली. देवाला काय मागावं तेच कळेना. मग मागितलंच न्हाई काही.

१ डिसेंबर
उभी!
बायकांना चार मतं कमी पडली. मामा फोनवर ओरडतोय — "तिकीट काढ!" मागं फटाके.
आईचा फोन लागेना म्हणून पारूबाईला केला. म्हणाली, "हरलो रं लेका. पर आमी काय सोडत न्हाई. परत अर्ज करू." आवाज असा खणखणीत की जिंकल्यात वाटावं!
आता झोप लागेना. परत अर्ज करणार म्हंजे आई परत टेम्पोत बसणार. आन् मी समोर गल्ल्यावर. एसटीला थांबलेल्या पोरींसमोर मीच बाटल्या देणार? आईनं ज्याच्यावर आडवी मारली, त्याच दुकानाचा पगार तिच्या हातावर ठेवायचा?

३ डिसेंबर
मामाला न्हाई म्हणून सांगितलं. लई शिव्या दिल्या त्यानं — मायेच्याच. शेवटी म्हणाला, "बहिणीवर गेलास."
उद्या आईला सांगतो. खूश व्हईल!

४ डिसेंबर
सांगितलं. आईनं दोनदा विचारलं, खरंच न्हाई म्हणालास?
मग म्हणाली, "आन् म्या मग कशापायी घरात बसून ऱ्हायले रं त्या दिवशी? मला बघून आळीतल्या तिघीबी उठल्या न्हाईत."