वरच्या मजल्याबद्दल

डुइसबुर्ग,
रविवार, ९ नोव्हेंबर २०१४

माझी थोरली बहीण, माझी शाझिये अब्ला,

तुझे दोन्ही हात ओठांना आणि कपाळाला लावते. या दिवसांत त्यांना ऑलिव्हचा तुरट वास येत असणार आणि बोटांची टोकं काळी झाली असणार. लिंबाने घासून काढ म्हटलं तर तू ऐकायची नाहीस. गुडघा कसा आहे? विहिरीजवळच्या झाडाला यंदा धरलं का काही? मला सविस्तर कळव. फोनवर तू नुसतं ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणतेस आणि मीही तेच म्हणते.

इकडे सगळं ठीक आहे. आकाशाने राखाडी पांघरूण ओढून घेतलंय, ते आता मार्चशिवाय निघायचं नाही. सांधे दुखतात, पण ते सगळ्यांचेच. खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई माझ्यासाठी अजून दरवाजा धरून उभ्या राहतात. मी पाव आणि भाजी घेऊन येते, त्या मांजरासाठी खाणं घेऊन येतात. लिफ्टमध्ये आम्ही हवामानावर बोलतो. इतक्या वर्षांत आमचं दुसरं काही बोलणं झालं असेल तर मला आठवत नाही.

एक नवीन बातमी आहे. मला काम लागलंय. हसू नकोस. विद्यापीठातली माणसं आपल्या इथल्या म्हाताऱ्या तुर्की लोकांची पाहणी करताहेत. आपलं वय वाढतंय हे ज्याचं त्याला कसं वाटतं, ते त्यांना मोजायचं आहे. घरोघरी जाऊन आपल्या भाषेत प्रश्न विचारायला कुणीतरी पोक्त बाई हवी होती. त्यांचं काम पाहणारी नुरान नावाची मुलगी इथेच जन्मली, फार गोड आहे, पण तिचं तुर्की पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखं येतं. म्हाताऱ्या तिला खाऊपिऊ घालतात, उत्तर मात्र देत नाहीत.

प्रश्न असे असतात बघ. ‘वय वाढणं म्हणजे माझ्यासाठी, अंगात पूर्वीइतका जोर नसणं.’ किंवा ‘वय वाढणं म्हणजे माझ्यासाठी, अजूनही नवे बेत आखता येणं.’ मी वाचायचं आणि समोरच्याने सांगायचं: पूर्ण पटतं, बरंच पटतं, थोडं पटतं, मुळीच पटत नाही. सोपं वाटतं ना? पहिल्या आठवड्याचे कागद पाहून नुरान डोकं धरून बसली. सगळ्यांचं सगळं उत्तम. पाठीचं ऑपरेशन झालेला खाणकामगार म्हणतो, अंगात जोर भरपूर आहे. जिची तिन्ही मुलं लांब राहतात ती म्हणते, एकटं मुळीच वाटत नाही.

“मेलाहत हानम, ही माणसं खरंच इतकी सुखी आहेत?” नुरानने मला विचारलं.

मी म्हटलं, “अगं, पाहुण्यासमोर दुखणं सांगितलं तर देवाची तक्रार केल्यासारखं होतं. ते आधी देवाचे आभार मानतात. चहाचा तिसरा पेला होईस्तोवर थांबायचं, मग खरं येतं.”

“पण प्रत्येक घराला आम्ही एक तास धरलाय.”

“तासाभरात इथे चपलासुद्धा काढून होत नाहीत,” मी म्हटलं. ती हसली. तिने तास वाढवून दिला.

सिस्टर आन्येस आम्हाला सांगायच्या, की पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस करावी, मग बातमी द्यावी आणि ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते शेवटी घालावं, घाई दिसू देऊ नये. इझ्मीरच्या त्या शाळेतलं माझ्यात काय उरलंय म्हणशील तर हेच. तुला तिथे धाडलं नाही आणि मला धाडलं, तरी तू माझी पेटी भरताना गणवेशाच्या कॉलरवर हात फिरवत बसली होतीस, ते अजून डोळ्यांपुढे आहे. असो.

तू गुरुवारी विचारलंस त्याचं उत्तर देते आहे. जरा थांब. आज हात दमलाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तीन दिवस पत्र तसंच पडलं होतं. मधे काय झालं ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

सोमवारी एलमास हानमकडे गेले होते. योझगातकडच्या एका खेड्यातली बाई. जन्मभर इथल्या शाळेच्या फरश्या पुसल्या. तिचा नवरा इहसान बेय पोलादाच्या कारखान्यात होता, आता दिवाणखान्यात असतो. प्रश्न विचारताना घरातलं दुसरं कुणी खोलीत नसावं असा आमचा नियम. पण मी पहिलं वाक्य वाचलं आणि तोच बोलला, “तिला काय विचारायचं? ती चांगली आहे.”

“बघा, मी चांगली आहे,” एलमास म्हणाली. “अहो, लिंबं घेऊन या जरा.”

“लिंबं परवाच आणली की.”

“ती परवाची झाली.”

तो कोट चढवून कुरकुरत गेला. दार लागलं तशी ती म्हणाली, “विचार आता. लवकर विचार, दुकान कोपऱ्यावरच आहे.”

आपल्याला स्वतःचं वय किती वाटतं, असा एक प्रश्न आहे. ती म्हणाली, “कुठलं सांगू? कागदावरचं की आईचं?” तिच्या आधी जन्मलेली एक एलमास तान्हेपणीच गेली होती. तिचं नाव सरकारी दप्तरातून कुणी काढलं नाही, पुढे हिला तेच नाव आणि तोच जन्मदाखला दिला. “माझ्यापेक्षा थोरली आहे ती माझ्या कागदावर. तिच्यामुळे मला निवृत्ती लवकर मिळाली, देव तिला जन्नत देवो. मला विचारशील तर म्हातारी ती झालीय. माझं अजून व्हायचंय.”

मग मी बेतांचं वाक्य वाचलं. तिने कपाटाच्या वर बोट दाखवलं. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली, सुतळीने बांधलेली. आपल्या प्रत्येक घरात असतात तशी. सोनेरी काठाच्या ताटल्या, गावच्या घरासाठी घेतलेल्या. गावचं घर तीन मजली आहे, तीन मुलांचे तीन, आणि चौथा चढवायला म्हणून गच्चीवर लोखंडी सळया उभ्या ठेवल्यात. “मुलं इथे, नातवंडं इथे. तिथे कावळे राहतात,” ती म्हणाली. “पण बेत आहे. पुढच्या वर्षी जाणार. लिही, पूर्ण पटतं.”

मी लिहिलं. तिने माझा पेला भरला आणि म्हणाली, “आता तू सांग. माझ्या घरी बसून नुसतं विचारून जाणार? तुझा बेत काय?”

मी म्हटलं, आय्वालिकला माझी थोरली बहीण आहे. तिच्या घराचा वरचा मजला माझ्यासाठी ठेवलाय. नवरा गेला तेव्हाच ठरलं होतं, सगळं आवरून तिच्याकडे कायमचं जायचं.

“मग?”

“पुढच्या वर्षी,” मी म्हटलं.

अब्ला, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. आधी ती हसली, मग मी. हसता हसता तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. तेवढ्यात इहसान बेय लिंबं घेऊन आला आणि म्हणाला, “हेच विचारायला पाठवतात का तुम्हाला?”

आज सकाळी एक सही राहिली होती म्हणून पुन्हा गेले. टेबलावर सोनेरी काठाच्या ताटल्या, त्यांत चीज, काकडी आणि ऑलिव्ह. सगळी खोकी खाली उतरवलेली. “सुतळी सोडायची नव्हती मला,” ती म्हणाली, “हात लावला तर तुटलीच.” इहसान बेय ताटल्यांना गुंडाळलेले जुने पेपर सरळ करून वाचत बसला होता. “दोन दिवस झाले, हेच चाललंय,” ती म्हणाली. “मला हवामानसुद्धा वाचून दाखवतात.” तो चष्म्यावरून बघत म्हणाला, “त्या दिवशी अंकाराला बर्फ पडला होता.” ती म्हणाली, “मग कोट घालून जा.”

ताटली कुठल्याही ताटलीसारखीच होती. खाणं खाण्यासारखं लागलं. पण मी घरी आले आणि माझं कपाट उघडलं. वरच्या मजल्यासाठी घेतलेले कॉफीचे सहा पेले काढले, निळ्या फुलांचे, तुला फोनवर वर्णन केलं होतं ते. एक धुतला आणि त्यातून कॉफी प्यायले. आता हे लिहिते आहे.

गुरुवारी तू म्हणालीस, शाळेत आलेल्या नव्या मास्तरीणबाई वरचा मजला मागताहेत, महिनाअखेर त्यांना सांगायचं आहे, तर तू येतेस की नाही. मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. तुझ्या मागे कोंबड्या ओरडत होत्या, त्याही मला ऐकू येत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात मी खालच्या ओसरीतल्या बाकावर निजायचे, वाऱ्यासाठी म्हणून. तू शेजारणींना सांगायचीस, जर्मनीत राहून हिला इथे उकडतं. मला उकडत नव्हतं. पहिल्या रात्री मी तो जिना अर्धा चढले आणि कठड्याला धरून तिथेच बसून राहिले. तू खाली भांडी घासत गात होतीस, म्हणून हाक मारली नाही.

तू म्हणशील, एवढंच ना, मग खाली राहा, माझ्या खोलीत दुसरी खाट टाकू. मला ठाऊक आहे, तू टाकशील. पण नुसत्या जिन्याचं नाही ते. कसं लिहू? मी त्या घरातून चोविसाव्या वर्षी निघाले, आणि तिथे मी तेवढीच राहिले. तू मला अजून ‘ए पोरी’ म्हणतेस. ऑलिव्हची जड टोपली माझ्याकडे सरकवतेस, म्हणतेस, आमची धाकटी आहे, ती उचलेल. मी उचलते. गल्लीतल्या बायका म्हणतात, जर्मनीहून आली, काही म्हातारी दिसत नाही हो, आणि मी पाठ ताठ करते. महिनाभर मी ती चोविसाची मुलगी असते, आणि परत येताना विमानात बसल्या बसल्या माझं सगळं अंग खाली गळून पडतं. अब्ला, लहान राहायला आता दम लागतो.

इथे माझं कोण आहे असं तू विचारशील. कुणी नाही. आम्हाला मूल झालं नाही, माझा रिफातही तिकडे कबरीत, तुझ्या स्वाधीन आहे. पण इथे ज्यांनी मला म्हातारी होताना पाहिलं ती माणसं आहेत. लिफ्टमधल्या त्या जर्मन बाईंनी पाहिलंय. माझे केस त्यांच्यासमोर पांढरे झाले आणि त्यांचे माझ्यासमोर. त्या दरवाजा धरतात आणि मी आत जाते, त्यात काही लपवावं लागत नाही.

आणि तू मला म्हातारी का मानत नाहीस तेही मला कळतं. मी म्हातारी झाले, तर तू कोण झालीस?

तेव्हा वरचा मजला मास्तरीणबाईंना दे. त्यांना सांग, खिडकीच्या डाव्या झडपेचा खिळा सैल आहे, ती वाऱ्यात आपटते. माझी चादर आणि आईचा आरसा तुझ्या खोलीत ने. भांडू नकोस, रडलीस तरी फोन कर, या वेळी आवाज तुटणार नाही. ऑलिव्हचं काम आटोपलं की तू इकडे ये, थोडे दिवस तरी. लिफ्ट आहे. पाच पेले अजून कोरे आहेत, त्यांतला एक तुझ्यासाठी काढून ठेवलाय. नुरानचे प्रश्न मी तुलाही विचारीन, आणि तू तिला हवी तशी उत्तरं मुळीच देणार नाहीस.

मशिदीच्या अंत्यविधी-फंडाची वर्गणी मी चुकवलेली नाही. रिफातला ज्यांनी विमानाने तुझ्यापर्यंत पोचवलं, ते मलाही पोचवतील. रिफातशेजारची जागा मात्र कुणाला देऊ नकोस. तिथे मी नक्की येईन, आणि तिथे जिना नाही.

तुझी, म्हातारी झालेली धाकटी,
मेलाहत